खुलासा: फॉइल, फेविकॉल आणि रिव्हेटचा क्रम

प्लॅस्टिकची छोटी विमानं बनवणाऱ्या इंदुरातल्या मॉडेलवाल्यांमध्ये सध्या एक नुस्खा फिरतोय: ‘मिग-२१ चकचकीत हवंय? आधी रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या खुणा) पाडा, मग स्वयंपाकघरातली फॉइल फेविकॉलने चिकटवा.’ फॉइल चालते. बाकी दोन्ही चूक.

फेविकॉल पाणी उडून सुकतो. वर धातू, खाली प्लॅस्टिक. पाणी जाणार कुठून? कडा धरतात, मधला भाग ओलाच राहतो आणि पुढे फुगा येतो. त्याऐवजी फॉइलसाठीचा खास गोंद घ्या. फॉइलच्या मंद बाजूला त्याचा पातळ हात द्या, पारदर्शक आणि चिकट होईपर्यंत थांबा, मगच लावा. तुकडा पॅनेलपेक्षा (विमानावरच्या पत्र्याच्या एका भागापेक्षा) २-३ मिमी मोठा हवा. कानकाडीने मधून कडेकडे घासा, पॅनेलच्या रेघेत बसवा आणि कोऱ्या पात्याने जास्तीची कापा. पात्याची धार गेली, की फॉइल कापत नाही, फाटते. खाली धुळीचा कण राहिला, तर पुरळासारखा वर दिसतो, म्हणून आधी पुसणं आलंच.

आधी पाडलेले बारीक रिव्हेट गोंदाने बुजतात. (उठावाचे असतील तर घासल्यावर वर उमटतात, ती गोष्ट वेगळी.) रिव्हेटचं चाक (ठिपके पाडणारं दातेरी चाक) फॉइलनंतर, जाड टेपच्या कडेने, हलक्या हाताने एकदाच फिरवा. खऱ्या विमानात दोन रिव्हेटमधलं २५ मिमी अंतर १/७२ प्रमाणाच्या मॉडेलमध्ये जेमतेम ०.३५ मिमी भरतं.