रिकामपणाचे उद्योग वगैरे

७३९३९१३३ वरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलं आहे : "यात गणित काही नाही, सगळा दशमान पद्धतीचा योगायोग. रिकामपणाचे उद्योग! इंदुरात बसून दुसरं काय सुचणार? शिवाय सिद्धता कुठे आहे?"

महोदय, नाव न लिहिता आलात तरी स्वागत आहे. लेखाच्या शीर्षकातला 'अद्भुत' जरा भडक होता, एवढं मान्य. पण रिकामपणा? मी होळकर कॉलेजात गणित शिकलो आणि नोकरीभर नववी-दहावीला तेच शिकवलं. फळ्यावर ही संख्या लिहून उजवीकडून एकेक अंक पुसत जायचो : ७३९३९१३, ७३९३९१, ७३९३९, ७३९३, ७३९, ७३, ७. दर वेळी उरते ती मूळ संख्याच, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी. मागच्या बाकावरची पोरंही वहीत पडताळून बघायची. आपण कधी वर्गासमोर उभे राहिलात का? सहज विचारतो.

आता दशमान. अंक पुसणं लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतं, हे मला ठाऊक नसेल असं कशावरून ठरवलंत? पाया, म्हणजे एकूण किती अंक वापरून लिहायचं ते, बदलला तरी प्रश्न तोच राहतो, उत्तर तेवढं बदलतं. पाया ३ घ्या, म्हणजे अंक फक्त ०, १, २. २, २१, २१२, २१२२, म्हणजे आपल्या नेहमीच्या लिखाणात २, ७, २३, ७१. सगळ्या मूळ. पुढे एक अंक जोडा, की नेहमीच्या लिखाणात येतात २१३, २१४, २१५. एकही मूळ नाही, खेळ खलास. तिथे शेवट ७१ वर, दशमानात ७३९३९१३३ वर. आणि तो उगाच होत नाही. दशमानात पुढे जोडायला १, ३, ७, ९ एवढेच अंक कामाचे, कारण सम अंक, ० आणि ५ आपोआप बाद. या संख्येच्या अंकांची बेरीज ३८, म्हणून १ किंवा ७ जोडला की ३ ने भाग जातो. ३ आणि ९ जोडूनही मूळ संख्या मिळत नाही. अशा आठ अंकी संख्या पाचच, आणि पाचही इथेच अडतात. लहानमोठ्या धरून एकूण ८३. याला योगायोग म्हणायचं तर म्हणा बापडे.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली शोधलेलं ६१७४ सुद्धा दशमानातलंच आहे : सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, तेच करत राहा, शेवटी ६१७४ च येते. त्यांनाही आपल्याकडच्या विद्वानांनी असंच हिणवलं. १९७५ मध्ये गणिती कोड्यांवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे त्यांचं नाव जगभर झालं. तुम्ही बहुधा तेव्हाही प्रतिक्रियाच लिहीत असाल.

सिद्धतेचं म्हणाल, तर कागद-पेन्सिल तुमच्याकडेही असेल. इंदुराबद्दलच्या वाक्याला उत्तर देत नाही. आमच्याकडे पाहुण्याशी असं बोलत नाहीत.

पुढच्या लेखात त्या पाचांपैकीच २९३९९९९९ घेतो आहे. वाचायची सक्ती नाही.