शासकीय महाविद्यालयाच्या इमारतीचा हिशेब ही अंतर्गत बाब नव्हे

शासकीय महाविद्यालयांच्या नव्या इमारती आणि वसतिगृहे यांच्याविषयी एक मजकूर सध्या पालकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सर्वत्र फिरतो आहे. त्यातला दावा थोडक्यात असा: हे बांधकाम म्हणजे महाविद्यालय आणि सार्वजनिक बांधकाम विभाग यांच्यातली अंतर्गत बाब आहे, ठेकेदाराशी झालेला करार गोपनीय असतो, काम चालू असताना कोणतीही माहिती मागता येत नाही, रेरा आणि पर्यावरण मंजुरी यांतून महाविद्यालयांना सूट आहे, आणि शेवटी लेखापरीक्षण होतच असल्यामुळे लोकांनी चौकशी करण्याचे कारण नाही. यातले एक विधान बरोबर आहे. बाकीची चुकीची आहेत, आणि त्यांवर विश्वास ठेवून अनेक जण अर्जच करत नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिला मुद्दा ‘अंतर्गत बाब’ हा. शासकीय महाविद्यालयाची इमारत राज्याच्या अर्थसंकल्पातल्या तरतुदीतून उभी राहते आणि तिला प्रशासकीय मान्यता देणारा शासन निर्णय कोणालाही वाचता येतो. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4(1)(ख) मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी न मागता प्रसिद्ध करायच्या 17 बाबी सांगितल्या आहेत. त्यांत प्रत्येक यंत्रणेला नेमून दिलेली रक्कम, योजनांचा तपशील, प्रस्तावित खर्च आणि केलेल्या वाटपाचे अहवाल येतात. शासनाकडून भरीव निधी घेणाऱ्या खाजगी संस्थांनाही हा कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात 17 सप्टेंबर 2019 रोजी स्पष्ट केले आहे. जिथे अनुदानित महाविद्यालयालाही हात वर करता येत नाहीत, तिथे शासकीय महाविद्यालयाला ते कसे करता येतील?

गोपनीय कराराची गोष्टही अशीच आहे. या कायद्याने ‘माहिती’ची जी व्याख्या केली आहे, तिच्यात ‘करार’ हा शब्द स्वतंत्रपणे घातलेला आहे. व्यापारी गुपितांसाठीचा अपवाद कलम 8(1)(घ) मध्ये आहे हे खरे. पण माहिती उघड झाल्याने त्रयस्थ पक्षाच्या स्पर्धात्मक स्थानाला हानी पोहोचत असेल तरच तो लागू होतो, आणि व्यापक जनहित असेल तर तिथेही माहिती देता येते. निविदा उघडून कार्यारंभ आदेश निघाल्यावर, सरकारी तिजोरीतून ज्या दराने देयके द्यायची आहेत तो दर गुपित कसा राहील, हे मला समजत नाही. कलम 11 खाली ठेकेदाराचे म्हणणे मागवले जाते, परंतु त्याला नकाराधिकार मिळत नाही.

सर्वांत घातक विधान तिसरे आहे. काम चालू असताना माहिती मागता येत नाही, असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. उलट कलम 2 मध्ये माहितीच्या अधिकाराची व्याख्या करताना कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. एका तंत्रनिकेतनाच्या वसतिगृहासाठी मी अर्ज केला तेव्हा ‘काम पूर्ण झाल्यावर या’ असे उत्तर मिळाले. प्रथम अपिलानंतर मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापे नोंदवायची वही, समोर आली. तिच्या पानावर प्रत्येक बाबीपुढे नग, लांबी, रुंदी, खोली आणि शेवटी येणारे परिमाण असे रकाने होते. पायाच्या खोदाईची नोंद होती, खाली अभियंत्याची सही होती. पण तोवर पाया भरून वर जोत्यापर्यंत काम आले होते. कागदावरची खोली खरी आहे की नाही, हे टेप लावून पाहण्याची वेळ निघून गेली होती. स्लॅबमधल्या सळयांचेही असेच असते: काँक्रीट ओतण्यापूर्वी त्या साध्या डोळ्यांनी मोजता येतात, नंतर त्यासाठी यंत्रे आणि तज्ज्ञ लागतात. उत्तरासाठी 30 दिवस आणि अपिलासाठी आणखी 30 ते 45 दिवस जातात, आणि बांधकाम तेवढे थांबत नाही. म्हणूनच कलम 4 प्रमाणे माहिती आपणहून आणि वेळच्या वेळी प्रसिद्ध होणे हाच खरा उपाय आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये माहिती आयोगांना या कलमाच्या अंमलबजावणीवर सतत लक्ष ठेवण्यास सांगितले आहे.

रेराबद्दलचे विधान तेवढे बरोबर आहे. तो कायदा विक्रीसाठीच्या बांधकामांचा आहे आणि वसतिगृहातल्या खोल्या विकल्या जात नाहीत. मात्र एका कायद्याची नोंदणी लागू नसल्यामुळे दुसऱ्या कायद्याचे बंधन संपत नाही.

पर्यावरण मंजुरीबाबत मजकूर लिहिणाऱ्याकडे जुनी माहिती आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 2014 च्या अधिसूचनेने शाळा, महाविद्यालये आणि त्यांच्या वसतिगृहांना सूट दिली होती, आणि 29 जानेवारी 2025 च्या अधिसूचनेतही ती होती. मुंबईच्या ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 5 ऑगस्ट 2025 रोजी ही सूट रद्द केली. मंजुरी लागू होणाऱ्या, म्हणजे 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पाला 2006 च्या मूळ अधिसूचनेप्रमाणे दर वर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो. हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत, असे त्या अधिसूचनेतच लिहिले आहे.

राहिले लेखापरीक्षण. महालेखापरीक्षकांचे अहवाल संविधानाच्या अनुच्छेद 151 प्रमाणे राज्यपालांमार्फत विधिमंडळासमोर येतात, आणि त्यांचे महत्त्व मी मुळीच कमी मानत नाही. परंतु ती तपासणी निवडक नमुन्यांची असते आणि खर्च होऊन गेल्यावर होते. आपल्या गावातले वसतिगृह त्या नमुन्यात येईलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क 10 रुपये आहे, मजकुराची मर्यादा 150 शब्दांची आहे आणि एका अर्जात एकच विषय मांडावा लागतो. त्यामुळे ‘सर्व माहिती द्या’ असे न लिहिता प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, चालू देयके आणि मोजमाप पुस्तिका अशी नेमकी नावे लिहावीत, आणि कामाच्या जागेची पाहणी करायची आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे. महाविद्यालयाने ‘हे बांधकाम खात्याकडे आहे’ म्हणून अर्ज परत केला, तर तो घेऊन निघू नये. कलम 6(3) प्रमाणे तो 5 दिवसांत त्या खात्याकडे वर्ग करणे हे महाविद्यालयाचेच काम आहे.