‘पीएफ कापला जातो ना, मग पेन्शनची चिंता कशाला?’

निवृत्तीला आलेल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोच: "पीएफ कापला जातो ना? निवांत राहा. शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन मिळते, महागाईप्रमाणे वाढते, आणि अठ्ठावन्नच्या आधी सुरू केली तर फायदाच."

निम्मी? कुठल्या पगाराच्या? पीएफवाल्यांची पेन्शन ज्या योजनेतून मिळते, त्या ईपीएस-95 चं सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. हा पगार म्हणजे शेवटच्या 60 महिन्यांची सरासरी, तीही मर्यादेत. ऑगस्ट 2014 पर्यंतच्या सेवेला 6,500, पुढच्या सेवेला 15,000. सप्टेंबर 2006 ला नोकरीला लागून ऑगस्ट 2024 अखेर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्याचा हिशेब करा. आधीच्या 8 वर्षांचे 743, नंतरच्या 10 वर्षांचे 2,143. झाले महिन्याला 2,886 रुपये. पगार चाळीस हजार असला तरी एवढेच. (जास्त पगारावर वर्गणी भरणारे वेगळे.)

महागाईप्रमाणे वाढते, हे तर धादांत खोटं. सरकारी पेन्शनरांचा महागाई भत्ता वाढल्याच्या बातम्या वाचून लोक तेच आपल्यालाही लागू धरतात. ईपीएसला भत्ता जोडलेलाच नाही. 2014 मध्ये किमान पेन्शन 1,000 झाली, दहा वर्षांनीही ती तेवढीच होती. 6 टक्के महागाई धरली तर बारा वर्षांत त्या 2,886 मध्ये निम्माच बाजार येईल. बुलढाण्यातून उभ्या राहिलेल्या पेन्शनरांच्या आंदोलनाने 7,500 किमान पेन्शनच्या जोडीला महागाई भत्ताही मागितला, तो उगाच नाही.

तिसरा मुद्दा मात्र मला पूर्ण खोडता येत नाही. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेतली तर दर वर्षामागे 4 टक्के कायमचे कापतात. सत्तावन्नला सुरू केली, तर वर्षभर मिळालेली रक्कम त्या कपातीत फिटायला अठ्ठावन्ननंतर 24 वर्षं लागतात. रक्कम वाढणारच नसेल, तर आज हातात आलेला रुपया ब्याऐंशीव्या वर्षीच्या रुपयापेक्षा केव्हाही भारी. म्हणून नोकरी आधीच सुटली असेल, तर थांबण्यात मला अर्थ दिसत नाही.

पण हा मेसेज वाचून चालू नोकरी सोडू नका. पगार जाईल, सेवेची वर्षं थांबतील आणि पीएफमधली भरही बंद होईल. 2023-24 ला पीएफवर 8.25 टक्के व्याज होतं. या सगळ्यात महागाईच्या पुढे धावणारा पैसा तेवढाच, आणि बहुतेक घरांत तोच आधी लग्नात किंवा फ्लॅटमध्ये जातो.