कोलेस्टेरॉलची गोळी आणि संत्री : त्या मेसेजमधलं खरं किती?

नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात आंबिया बहाराच्या संत्र्यांचे ढीग लागले की फोनवर एक मेसेज फिरू लागतो : ‘कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर संत्र्याला हात लावू नका, रक्तात विष बनतं. ही गोळी लिव्हर खलास करते, स्नायू गाळते, शुगर लावते, स्मरणशक्ती घालवते. रिपोर्ट नॉर्मल आला की गोळी बंद करा, लसूण-आलं-लिंबाचा काढा घ्या, ब्लॉकेज आपोआप निघतील.’

यात थोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणूनच लोक विश्वास ठेवतात. आणि ज्या औषधांबद्दल खरंच सावध करायला हवं, त्यांचं यात नावसुद्धा नाही.

‘संत्रं खाल्लं की विष’

ही गोष्ट ग्रेपफ्रूटची आहे. आतड्यात आणि यकृतात सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम असतं, ते काही गोळ्या मोडून टाकतं. ग्रेपफ्रूटमधले फ्युरानोकुमारिन हे पदार्थ आतड्यातलं हे एन्झाइम निकामी करतात आणि गोळी रक्तात जास्त उतरते. कोलेस्टेरॉलच्या या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. त्यांतल्या सिमव्हास्टॅटिनवर हा परिणाम मोठा होतो. ॲटोरव्हास्टॅटिनबाबत इशारा आहे तो रोज १.२ लिटरपेक्षा जास्त रस पिणाऱ्यांसाठी. रोसुव्हास्टॅटिन या वाटेने जातच नाही. नागपुरी संत्रं मँडरिन गटातलं, त्यात हे पदार्थ नगण्य असतात. तेव्हा संत्री खुशाल खा. पपनस मात्र ग्रेपफ्रूटच्या रक्तातलं आहे, ते रोज खायची सवय असेल तर डॉक्टरांना सांगा.

मेसेजने जे सांगितलंच नाही

हेच एन्झाइम ग्रेपफ्रूटपेक्षा कितीतरी जोरात बंद पाडणारी औषधं आपल्याकडे सर्रास दिली जातात. पावसाळ्यात जांघेत, कमरेला गजकर्ण होतं, मग इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल सुरू होतात, त्याही कित्येक आठवडे. चिठ्ठी त्वचेच्या डॉक्टरांची, आणि हृदयाच्या डॉक्टरांनी ॲटोरव्हास्टॅटिन ४० दिलेली त्यांना ठाऊकच नसते. या दोन्ही सोबत चालू असतील तर ॲटोरव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. सिमव्हास्टॅटिन तर बंदच ठेवावी लागते. ॲसिडिटीच्या जंतूसाठी १४ दिवस दिली जाणारी क्लॅरिथ्रोमायसिन याच यादीत येते. ॲझिथ्रोमायसिनमध्ये हा त्रास फारसा नाही. गजकर्णासाठी टर्बिनाफिन हा पर्याय आहे, तेही या एन्झाइमला अडवत नाही. कोणतं औषध बदलायचं की गोळी तेवढे दिवस थांबवायची, हा निर्णय डॉक्टरांचा. पण त्यांना आधी कळायला तर हवं.

बीपीच्या गोळ्यांतल्या डिल्टियाझेम आणि व्हेरापॅमिलचाही असाच, पण सौम्य परिणाम होतो. ट्रायग्लिसराइडसाठीची जेमफायब्रोझिल स्टॅटिनबरोबर नकोच. सेरिव्हास्टॅटिन ही गोळी २००१ साली जगभरातून मागे घ्यावी लागली, त्यामागच्या स्नायूंच्या अपघातांत जेमफायब्रोझिलसोबतच्या जोडीचा मोठा वाटा होता. फेनोफायब्रेट त्या मानाने सुरक्षित आहे. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असताना रोसुव्हास्टॅटिन सुरू केली किंवा डोस बदलला, तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) लगेच तपासावा.

आणि ॲसिडिटीची पातळ बाटली! ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड रोसुव्हास्टॅटिनसोबत घेतलं तर गोळी जवळपास निम्मीच अंगी लागते. आधी गोळी, मग दोन तासांनी अँटासिड.

‘स्नायू गळतात’

दुखणं होतं, पण लोक समजतात तितकं गोळीमुळे नाही. सुमारे १ लाख २४ हजार लोकांवरच्या १९ चाचण्यांची एकत्र छाननी २०२२ साली प्रसिद्ध झाली. स्नायूंची तक्रार स्टॅटिन घेणाऱ्यांत २७.१ टक्के, तर औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत २६.६ टक्के होती.

गोळीचं दुखणं ओळखायचं कसं? ते बहुधा दोन्ही मांड्यांत, दोन्ही खांद्यांत सारखं असतं, गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत सुरू होतं. पाटावरून उठताना हाताचा आधार लागतो, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत. एकच गुडघा किंवा एकच टाच दुखत असेल तर कारण दुसरीकडे शोधा. सीके (स्नायूंची इजा दाखवणारी तपासणी), टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. थायरॉईड मंद असेल तर कोलेस्टेरॉलही वाढतं आणि स्नायूही दुखतात. आधी थायरॉईडवर उपचार केले की अनेकदा दोन्ही सुधारतात. बाकीच्यांत डोस कमी करणं, गोळी बदलणं, रोसुव्हास्टॅटिन दिवसाआड देणं किंवा इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची वेगळ्या जातीची गोळी जोडणं हे मार्ग आहेत. आशियाई लोकांच्या रक्तात रोसुव्हास्टॅटिन साधारण दुप्पट उतरते, म्हणून आपल्याकडे ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करणं शहाणपणाचं.

लघवी काळ्या चहासारखी झाली आणि अंग गळून गेलं, तर गोळी तिथेच थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू फुटून मूत्रपिंडात अडकल्याची ती खूण असू शकते. हे फार विरळा होतं, पण नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत पाणी न पिता राबणाऱ्याने हे लक्षण विसरू नये, कारण उष्माघातानेही नेमकं हेच होतं.

लिव्हर, शुगर, स्मरणशक्ती

एसजीपीटी (रक्तातलं लिव्हरचं एन्झाइम) तिपटीवर जाणं साधारण १ टक्का लोकांत दिसतं आणि डोस कमी केला की बहुधा उतरतं. सुरू करण्यापूर्वी एकदा तपासा, नंतर कावीळ, गडद लघवी, भूक मरणं अशी लक्षणं दिसली तर. फॅटी लिव्हर हे गोळी टाळायचं कारण नाही.

शुगरचा मुद्दा खरा आहे. २५५ जणांनी ४ वर्षं गोळी घेतली तर एकाला जादा मधुमेह होतो, तोही बहुतेक आधीच काठावर असलेल्याला. पण तोलायचं असेल तर दोन्ही पारडी बघा : आधीच हृदयविकार असलेल्या १० हजार जणांनी ५ वर्षं पुरेशी स्टॅटिन घेतली तर सुमारे १ हजार जणांचा हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा ब्लॉकेजची शस्त्रक्रिया टळते, नवा मधुमेह ५० ते १०० जणांना होतो, स्नायूंचा गंभीर आजार सुमारे ५ जणांना.

विसराळूपणाच्या मोजक्या तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत, गोळी थांबवल्यावर त्या गेल्या. डिमेन्शिया होतो याला पुरावा नाही.

‘रिपोर्ट नॉर्मल, गोळी बंद, काढा सुरू’

रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पुन्हा पूर्वीइतकं वाढतं. स्टेंट बसलेल्याने तर स्वतःच्या मनाने एक आठवडाही खाडा करू नये. भाजीत लसूण हवा तितका घाला, पण काढ्याने धमनीतली गाठ विरघळत नाही. उलट रिकाम्या पोटी लिंबू-आल्याने जळजळ होते, मग तीच अँटासिडची बाटली निघते आणि रोसुव्हास्टॅटिन चालू असेल तर गोळी निम्मी वाया जाते.

कुठल्याही नव्या डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांच्या स्ट्रिपच पिशवीत टाकून न्या. मेडिकलमधून सुट्या चार-पाच गोळ्या कापून घेता, तेव्हा घटक आणि मिलिग्रॅम छापलेला तुकडा दुकानातच राहतो. पूर्ण पट्टी मागा, नाहीतर मागची बारीक अक्षरं फोटोत टिपून घ्या.