औषधाच्या पैशांचा दशांश

जय ख्रिस्त. दोन आठवडे मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

आमच्या गल्लीत एक ताई राहतात. चार घरची धुणीभांडी करतात, नवरा अंथरुणाला खिळलेला. परवा गेले तर खिडकीत गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि बायबलमध्ये खुणेला ठेवलेलं दशांशाचं, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला देण्याचं, पाकीट. वर पेनाने लिहिलेलं, ९०० रुपये. "भाऊंच्या गोळ्या आणल्या नाहीत?" विचारलं, तर म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात आणीन गं. देवाचा वाटा घरात ठेवला तर शाप लागतो." कुठल्याशा प्रार्थनासभेत बायबलमधलं मलाखी ३:१०, 'सगळा दशांश भांडारात आणा' हे वचन, वाचून त्यांना हे सांगितलं होतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी स्वतः पहिल्या पगारापासून दशांश देते, आनंदाने देते, आणि देत राहणार. पण हे वचन असं वापरलेलं मला सहन होत नाही.

त्याच अध्यायाचं पाचवं वचन का वाचत नाहीत? मजुराची मजुरी बुडवणारे, विधवेला आणि पोरक्याला छळणारे, त्यांच्याविरुद्ध देव तिथे साक्षीला उभा राहतो. नियमशास्त्रातला, म्हणजे मोशेच्या कायद्यातला, दशांश शेताच्या पिकाचा, झाडाच्या फळांचा, गुराढोरांचा होता. काठीखालून जाणारं दहावं जनावर परमेश्वराचं. म्हणजे ज्याच्याकडे शेत आणि कळप, त्याने द्यायचा. भूमिहीन मजुरासाठी काय सांगितलंय? त्याची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या. गरिबासाठी शेताचे कोपरे कापू नका, पडलेली कणसं वेचू नका. आणि अनुवाद या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात तर दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचाय, लेवी (देवाच्या सेवेतले, वाट्याला जमीन नसलेले), परका, पोरका आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. आमच्या ताई या हिशेबात देणाऱ्यांच्या नव्हे, घेणाऱ्यांच्या रांगेत बसतात!

आणि कुर्बान? मार्कच्या शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायात प्रभू येशू परूश्यांवर, नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथावर, केवढा संतापतो. आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलं, असं म्हणून हात झटकणाऱ्यांना तो सांगतो, तुम्ही देवाचं वचन रद्द करता. आजारी नवऱ्याच्या गोळ्या याहून वेगळ्या आहेत का?

लगेच कुणीतरी मंदिराच्या दानपेटीत आपलं होतं नव्हतं ते टाकणाऱ्या त्या विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे दोन लहानशी नाणी, काढील. तिचं देणं थोरच आहे, प्रभूनेच तसं म्हटलंय. पण तिच्या आधीच्याच वाक्यांत तो विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल बोलतोय. उपदेशात तेवढा भाग गाळून चालत नाही.

प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीकडे पत्रातून वर्गणी मागतो ती यरुशलेमेतल्या गरिबांसाठी. तिथे तो टक्का सांगत नाही. मनात ठरवलं असेल तसं द्या, कुरकुरत नको, भाग पडतं म्हणून नको.

माझी आजी दळण काढताना दर वेळी एक मूठ जोंधळे वेगळ्या डब्यात टाकायची. डबा पत्र्याचा, झाकणाला चेप आलेला. हंगामाच्या सणाला तो डोक्यावर घेऊन चर्चला जायची. दुष्काळात डबा अर्धाच भरायचा, तरी चालताना तिची मान ताठ असायची. मिझोरामच्या मंडळ्यांत १९१० पासून बायका स्वयंपाकाच्या वेळी अशीच मूठभर तांदूळ बाजूला काढतात हे पुढे वाचलं, तेव्हा आजीची फार आठवण आली. शापाच्या भीतीने तिने एक दाणा टाकला नाही.

पाळकसाहेबांनो, मोठ्या पगारवाल्यांना दशांश जरूर शिकवा, आम्हांला ते ऐकायची गरज आहे. पण ज्या घरात चूल कशी पेटते ते तुम्हांला ठाऊक आहे, तिथे पाकीट पाठवताना थांबा. जमलेल्यातून आजाऱ्यांना किती गेलं, तेही वर्षातून एकदा उपासनेनंतर वाचून दाखवा.

येत्या वार्षिक सभेत मी औषधांसाठी वेगळा निधी मागणार आहे. माझा या महिन्याचा दशांश त्यातच टाकणार. यादीतलं पहिलं नाव लिहून ठेवलंय. ताईंना अजून सांगितलेलं नाही.