जाहिरातीतला बँड येतो कुठे?

बँड ठरवताना दाखवलेल्या व्हिडिओत आठ वादक, कार्यक्रमाला येतात तिघं आणि एक लॅपटॉप! ड्रम्स, बेस, कोरस, सगळं ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेलं. ट्रॅक वापरा हो, माझी ना नाही, पण मग ‘शंभर टक्के लाइव्ह’ कशाला छापता? त्या व्हिडिओतला आवाजही स्टुडिओतला, ऑटोट्यून या सूर सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरने सरळ केलेला, वर मंचावरचं चित्रण चिकटवलेलं. गायिका तर भलतीच निघते. म्हणे, ‘त्या हल्ली आमच्यासोबत नसतात.’ मग जाहिरातीतून तिचा फोटो काढून टाका की! आणि विंगेत एखाद्या नामवंताबरोबर सेल्फी काढला म्हणजे झाली का ‘साथसंगत’? खरे वाजवणारे बिचारे मोबाइलवरचं ओबडधोबड रेकॉर्डिंग पाठवतात आणि नेमके तेच मागे पडतात. यापुढे मी तरी करारात वादकांची नावं लिहून घेणार.