होर्मुझमार्गे कल्याण

शेअर घ्यायचा तर कंपनीचा ताळेबंद वाचावा, असं कोणी सांगितलं तर त्या माणसाशी बोलणं कमी करा. ताळेबंदाला दोन संध्याकाळी लागतात. जागतिक राजकारण मात्र ठाणे ते मुलुंड एवढ्यात समजतं. कल्याणहून सुटणाऱ्या सकाळच्या फास्टमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवा, मोबाइलकडे बघत मान हलवा आणि म्हणा, "इराण आता होर्मुझ बंद करतो बघा." समोरचे तिघे सरकून जागा देतील.

होर्मुझ दिवसातून एकदा तरी यायला हवं. जगात रोज खपणाऱ्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा त्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जात आलाय आणि आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, इथपर्यंत सांगा. तेल भडकलं की डॉलर जास्त लागतात, रुपया घसरतो, महागाई चढते, इथपर्यंतही चालेल. त्यापुढे जाऊ नका. महागाई चढली की रिझर्व्ह बँक व्याजदर वाढवते आणि साखळीची शेवटची कडी तुमच्याच घराच्या हप्त्याला येऊन लागते. डब्यात तो विषय कोणालाच आवडत नाही.

आता मुख्य मुद्दा, विकायचं कधी. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं आणि सेन्सेक्स २,७०२ अंकांनी आपटला. विकायला याहून शुभ मुहूर्त पंचांगात नाही. दुसऱ्याच दिवशी तो १,३२८ अंकांनी वर आला, पण तोवर तुमचे पैसे बचत खात्यात सुखरूप पोचलेले असावेत. २३ मार्च २०२० तर सोन्याचा दिवस. एका दिवसात ३,९३५ अंक गेले, सेन्सेक्स २६ हजारांच्याही खाली आला. त्या दिवशी म्युच्युअल फंडातली दरमहाची एसआयपी बंद केली नसेल, तर तुम्हाला कोरोनाचं गांभीर्यच कळलं नव्हतं.

परत कधी घ्यायचं? २१ जानेवारी २०२१ ला सेन्सेक्सने पहिल्यांदा ५० हजारांना हात लावला, तेव्हा. लोकलचाच नियम आहे. रिकामी गाडी फलाटाला लागली की ही कारशेडला जाणार असा संशय घ्यायचा, आणि दारात माणसं लोंबकळताना दिसली की धावत जाऊन उडी मारायची.

जपानकडे दुर्लक्ष नको. ३१ जुलै २०२४ ला तिथल्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवून पाव टक्का केला. पाव टक्का! आपल्या पतपेढीचा मॅनेजर तेवढ्यासाठी चष्मासुद्धा वर करत नाही. पण स्वस्तात येन उचलून तो पैसा जगभर लावणाऱ्यांची पळापळ झाली, ५ ऑगस्टला तिथला निर्देशांक निक्केई १२ टक्क्यांहून जास्त कोसळला आणि आपलाही सेन्सेक्स २,२२२ अंक खाली. मी तेव्हा तीन दिवस ऑफिसात ‘येन कॅरी ट्रेड’ म्हणत फिरत होतो. चौथ्या दिवशी नवीन लागलेल्या मुलाने विचारलं, "सर, कॅरी म्हणजे नक्की काय करतात?" मी त्याला दोन कटिंग सांगायला पाठवलं.

ट्रम्प यांच्या बाबतीत तर विजेचा वेग हवा. २ एप्रिल २०२५ ला त्यांनी जगभर आयातशुल्क जाहीर केलं, ७ तारखेला सेन्सेक्स २,२२६ अंक पडला आणि ९ तारखेला त्यांनीच बहुतेक देशांना ९० दिवसांची सवलत दिली. त्यांचं मन बदलायला आठवडा लागला. तुम्ही मात्र कळव्याच्या आत सगळं विकून मोकळं व्हायचं.

एवढं ज्ञान झाल्यावर नुसते शेअर घेणं शोभत नाही, ऑप्शनमध्ये, म्हणजे भाव पुढे चढणार की पडणार याच्या सौद्यांत उतरा. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणारे ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले, सरासरी माणशी दोन लाख. उरलेल्या सातांत आपण आहोतच. शंभरच्या शंभर जण हेच धरून आत शिरले होते, इतकं एकमत आपल्या सोसायटीच्या सभेतही होत नाही.

घरच्यांना विचारू नका. आईला टीव्हीवर पडलेल्या बाजाराचा लाल पडदा दाखवला तर ती विचारते, "तुला ते पैसे लगेच हवेत का?" आता याला काय भू-राजकीय दृष्टिकोन म्हणायचं?

आणि बायको मेडिक्लेमचा हप्ता भरायची आठवण करत असेल, तर संध्याकाळी बघू म्हणा. जगातल्या बहुतेक प्रगत चिप्स तैवानमध्ये बनतात आणि घाटकोपरला चढलेले काका आत्ताच म्हणाले, तैवानच्या बाबतीत चीनचं काही खरं नाही.